पाणी मिळाल्याची तक्रार

माझी फजिती ऐकायचीच म्हणता? मग चहा संपेपर्यंत हसायचं नाही, एवढं कबूल करा.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी बिलोलीची, नांदेडला विद्यापीठात पहिल्या वर्षाला. आमच्या हॉस्टेलचा एक मजला फक्त पहिल्या वर्षाच्या मुलींचा, आणि तिथली रीत अशी की प्रत्येक खोलीत एक मुलगी परदेशातली, एक आपल्याकडची. एकत्र राहायचं, एकत्र शिकायचं, आणि रविवारी आळीपाळीनं एकेका देशाचं जेवण.

माझ्या खोलीत इथिओपियाची हाना. पाणी दिवसाला माणशी एक बादली. त्यातच अंघोळ, त्यातच कपडे. शेवटचा मग कुणी घ्यायचा यावरून आम्ही रोज भांडायचो, म्हणजे दोघीही ‘तू घे, तू घे’ करायचो.

हानाचा रविवार आला. तिच्या आईनं पाठवलेल्या पिठाची परातीएवढी आंबूस धिरडी, वर तिखटजाळ आमटी. आम्ही सगळ्या गोल करून बसलो. हाना पाण्याचा मग घेऊन सरळ माझ्याकडं आली आणि खुणेनंच म्हणाली, हात पुढं कर. मी केले. तिनं वरून पाण्याची धार सोडली.

अन् माझं डोकंच सटकलं.

का, ते सांगते. माझे आजोबा गावात कुणाच्या दारी पाणी मागायचे, तेव्हा त्या घरचे त्यांच्या ओंजळीत असंच वरून ओतायचे. भांड्याला हात लागू नये म्हणून. घरात हे इतक्यांदा ऐकलंय की वरून येणारी धार दिसली की माझ्या कपाळाची शीर उठते.

मी हात मागं ओढले. पाणी सगळं ओढणीवर.

"ग्लासात देता येत न्हाई का गं? वरून घालून घ्यायचे दिवस गेले आमचे."

हानाला मराठी यायचं ते ‘चल’, ‘बस’ आणि ‘टँकर आला’ एवढंच. तिला वाटलं, पाणी घाण आहे. पळत जाऊन स्वतःची प्यायची बाटली आणली आणि पुन्हा वरून धार. आता बोला.

मी तडक खाली वॉर्डनबाईंच्या टेबलाशी. तक्रारवही ओढली आणि लिहिलं, ‘माझ्या हातावर वरून पाणी घातलं. दोनदा.’

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हापासून, म्हणजे तीसेक वर्षं, नोकरीत मुरलेल्या बाई त्या. वाचलं, चष्मा काढला. "चल, बघू तर दे मला."

वर येऊन पंगतीत बसल्या. हानानं एका हातात टब धरला, दुसऱ्या हातानं धार सोडली. बाईंनी निवांत चोळून हात धुतले. मग उदगीरच्या शिवलीलानं. मग मुदखेडच्या दोघींनी. तो टब मघाशीही होता हो. मीच वर बघत बसले होते.

हाना इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडं पाहुण्याला हात धुवायला उठवत नाहीत. यजमानीण पाणी घालते. तू मला बहिणीसारखी, म्हणून तुझ्यापासून सुरू केलं."

शिवलीला माझ्या कानाशी लागली. "दोन दिस झालं, अंघोळ केली न्हाई तिनं. ह्याच्यासाठी बादली राखून ठिवली. तुला ठाव न्हाई?"

नव्हतं ठाऊक. एका खोलीत राहून मला वाटलं होतं, पोरीला परीक्षेमुळं आळस चढलाय.

मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला आजोबांची गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली, मग माझ्या हातात मग दिला. "आज तू घाल." मी तिचे हात धुतले, नंतर तिनं माझे.

जेवणं झाल्यावर बाईंनी वही पुढं केली. "निवारणाचा रकाना तूच भर गं."

मी लिहिलं, ‘हात धुतले. पोटभर जेवले.’

वही अजून तिथंच आहे म्हणे. पानोपानी एकच रडगाणं, पाणी मिळालं नाही. अख्ख्या दुष्काळात पाणी मिळालं म्हणून तक्रार करणारी मी एकटीच.