तिसऱ्या मुखपृष्ठावरची बाई

सुपरहिरोंच्या कॉमिक्ससाठी मी काढलेलं तिसरं मुखपृष्ठ आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

नायिकेनं एसटी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आहे, असं चित्र प्रकाशकांना हवं होतं. माझं शिक्षण नुकतंच संपलं होतं, बारामतीत खोली घेऊन राहत होते. समोर उभं करायला मला आमच्या इंदापूरकडच्या वस्तीवरची काकीच सुचली. तिच्या माहेरी मेंढरं होती. लहानपणी ती कोकरं खांद्यावर टाकून मैलोन् मैल चालायची. आता डाळिंबाचे भरलेले क्रेट एकटी टेम्पोत चढवते. माझ्यासाठी तिनं तसाच एक क्रेट डोक्यावर धरला. हात थरथरायला लागले तरी मी म्हणेपर्यंत खाली ठेवला नाही. मी फोटो काढले आणि आठ दिवस बसून तिचे खांदे, दंड, उन्हानं रापलेला चेहरा रंगवला.

चित्र पाठवल्यावर पुण्याहून संपादकांचा फोन आला. काम छान आहे, पण ही हिरॉईन वाटत नाही, हमालीण वाटते, म्हणाले. एसटी उचलायची तर अशीच बाई लागेल, असं मी सांगितलं. ते हसले. मला वाटलं, पटलं.

छापील प्रती आल्या. कमर मुठीत मावेल एवढी, खांदे गायब, रंग गोरा, केस मोकळे. खाली माझं नाव. तोवर काकीनं आपलं चित्र छापून येणार म्हणून सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिला दाखवणं भागच होतं. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"ही मी न्हाय," ती म्हणाली. "हिला कळशी तरी उचलंल का गं?"

आणि कामाला निघून गेली.

मी तिथूनच संपादकांना फोन लावला. कॉम्प्युटरवर जरासा हात फिरवला, वाचणारी सगळी पोरंच असतात, आणि तुमचं नाव तर ठळक छापलंय, असं ते समजावत राहिले.

"मग ते नावच काढा," मी म्हणाले.

पुढच्या वेळी बघू, म्हणाले.

त्यांच्यावर राग आहेच. पण चौथं मुखपृष्ठ काढताना मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी बारीक कमर माझ्याच हातानं उतरली. पाचव्यालाही तेच. माझे स्वतःचे खांदे काकीसारखेच रुंद आहेत, आणि मी ते चित्रातून पुसत होते. सहावं मी अर्ध्यात फाडलं आणि त्यांचं काम सोडलं.

मागच्या वर्षी बारामतीच्या एका कॉलेजनं मला बोलायला बोलावलं. व्यासपीठामागे तेच तिसरं मुखपृष्ठ, दहा फुटी फ्लेक्सवर. काढा म्हटलं तर प्राध्यापकांना तो माझा विनय वाटला. मी खुर्चीवर चढले, दोऱ्या सोडल्या आणि फ्लेक्स खाली ओढला. भाषण मला नीट जमलं नाही. आवाज चढलेलाच राहिला.