वाटीतलं पेट्रोल

पितळेच्या परातीत सुटं करून मांडलेलं कार्बोरेटर, त्यावर पडलेलं रविवारचं तिरपं ऊन आणि अंगणभर पेट्रोलचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास… बालपण म्हटलं की मला आधी हेच आठवतं. इतर मुलींना मोगरा आठवतो. आमचं नशीबच निराळं!

केजला आमच्या घरी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी पांढरी अँबेसिडर होती. सुगीत शेताच्या वाटेवरची धूळ पोटात जाऊन ती गचके खाऊ लागली, की अण्णा आईची परात गुपचूप उचलत आणि कार्बोरेटर उघडून बसत. ‘‘माजी परात कावून घेतली? आता भाकरी काय तुमच्या टोपीत थापू?’’ आई चुलीपासून ओरडे. अण्णा गालात हसत आणि शेंगदाण्याएवढा, सुईच्या टोकाएवढं भोक असलेला पितळी जेट माझ्या तळहातावर ठेवत. ‘‘फुंक, माय.’’ मी गाल फुगवून फुंके, जेट आभाळाकडे धरून एक डोळा मिटे. ‘‘दिसला का उजेड?’’ ‘‘दिसला!’’ त्या दिवशीची भाकरी हमखास पेट्रोलची लागे.

अण्णांचा एक नेम होता. दोन-चार दिवस गाव सोडायचं असलं, की टाकीकडून येणारी नळी काढून तिला बूच लावायचं आणि इंजिन तसंच चालू ठेवायचं. कार्बोरेटरच्या वाटीतलं उरलंसुरलं पेट्रोल संपलं की गाडी आचके देत आपोआप बंद पडे. ‘‘वाटीत पेट्रोल राहिलं की वाळून डिंक व्हतो,’’ ते म्हणत. मामाचं गाव घाटापलीकडे, तो घाट गाडीला झेपत नसे. म्हणून उन्हाळ्यात आम्ही तिथे एसटीनेच जायचो. ते आचके ऐकले, की दारात उभी असलेली आई बोचकं उचलून म्हणे, ‘‘चला, झोपली बया!’’

आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी पुण्यात, अण्णा इथे एकटे. मागच्या हिवाळ्यात छातीत दुखतं म्हणून तपासून घ्यायला ते एसटीने अंबाजोगाईला गेले आणि परत आलेच नाहीत; तिथे दवाखान्यातच वारले. ‘‘कळलं हुतं त्यांला,’’ शेजारचे नामदेवकाका म्हणाले. ‘‘अंगण झाडलं, परात घासून पालथी घातली, अन् मग गेले.’’ कळलं होतं, तर मला एक फोन का केला नाही? मी इतकी परकी झाले होते का?… वर्षभर हा प्रश्न मला आतून कुरतडत राहिला.

परवा सुट्टी काढून आले. बॅटरी चार्ज करून आणली, तरी गाडी काही केल्या चालू होईना, म्हणून तीच परात घेऊन अंगणात बसले आणि कार्बोरेटर उघडलं. वाटीच्या तळाशी तपकिरी, चिकट डिंक — काकवीसारखा दाट. मी बघतच राहिले. अण्णांनी वाटी रिकामी केली नव्हती! म्हणजे त्यांना काहीएक कळलं नव्हतं. ते संध्याकाळी परत येणार होते. परातीवर वाकून मी लहान पोरीसारखी मोठ्याने रडले.

मग डिंक खरवडला, बीडहून आणलेलं नवं पॅकिंग बसवलं. जेट फुंकून आभाळाकडे धरला. कुणी विचारलं नाही. तरी मी म्हटलं, ‘‘दिसला.’’ चोक ओढून चावी फिरवली, आणि खोकत-खोकत गाडी बोलली. नामदेवकाका कुंपणाशी आले. ‘‘काका, अण्णांना कळलं नव्हतं,’’ मी म्हणाले.

आज पुण्याला निघायचं होतं. पुन्हा कधी येणं होईल, कोण जाणे… नळी काढून मी बूच लावलं. इंजिनाने आचके दिले आणि अंगण एकदम गप्प झालं. बॅग खांद्याला लावून मी उगाच थोडा वेळ थांबले. दारात ‘चला’ म्हणणारं कुणी नव्हतं. मग कुलूप लावलं आणि स्टँडच्या वाटेला लागले.