विहिणीला चिडवायचं गाणं

जरा मोबाईल कानाजवळ धरा, विहीणबाई. असं गप बसतात व्हय? आमी झरीच्या बाया आवाज नको म्हणून पंखा बंद करून लग्नातली गाणी मोबाईलात भरतो अन् ग्रुपवर टाकतो. परवा मी विहिणीला चिडवायचं म्हणलं, "विहीण आली नटून, लाडू खाल्ले लपून." टाकल्यावर ध्यानात आलं, त्याच ग्रुपात तुमीबी! अन् माझी लेक तुमच्या घरात. रीतीनं तुमी गाण्यातच उलटा टोला द्यायचा. तुमी ऐकलं, पण जवाब न्हाई. लेकीला फोन केला, तर म्हणली, "आई, सासूबाई बोलंनात." तवापासून जीव लय घाबरा झालाय. पोरीवर राग काढू नका. तुमच्या वालूरच्या बाया घेऊन लवकर या अन् मला गाण्यातच धुवून काढा.