सुरेखाची बदली लाइनवर

राजीनामा माझ्या टेबलावर ठेवून सुरेखा दाराकडे वळली आणि फोन वाजला. जवळच्या रुग्णालयाची लाइट गेली होती. आत ऑपरेशन चालू होतं आणि जनरेटर जेमतेम तासभर टिकणार होता.

मी तेव्हा अकोले तालुक्यात वीज कंपनीत इंजिनीअर होतो. सुरेखाची भरती लाइनच्या कामावर झाली होती, पण ‘बाईमाणूस, कशाला खांबावर’ म्हणून मी तिला तक्रारींच्या काउंटरवर बसवलं. दोन वर्षं ती तिथे कुढत होती. मला वाटायचं, आपण तिच्यावर उपकारच केलेत.

त्या दिवशी हाताशी लाइनमन एकच, किसनभाऊ. सुरेखाही न विचारता जीपमध्ये बसली. फॉल्ट लवकर सापडला. जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, जळून लोंबत होता. किसनभाऊ सेफ्टी बेल्ट बांधायला लागले, पण बकल बसेना. ते सारखे खांबाच्या टोकाकडे बघत होते.

"द्या इकडं, मी चढते," सुरेखा म्हणाली.

तेवढ्यात वरच्या साहेबांचा फोन. "अजून किती वेळ? चढवा कुणालातरी!" पाठोपाठ सबस्टेशनचा निरोप आला, लाइन बंद केली.

"चढ," मी म्हणालो.

"थांबा साहेब. आधी तपासते."

"अगं, बंद केलीय म्हणतायत!"

तिने ऐकलं नाही. लांब काठीला टेस्टर लावून जमिनीवरूनच तारेजवळ नेला. टेस्टर कर्कश वाजायला लागला. सबस्टेशनवाल्याने घाईत भलतीच लाइन बंद केली होती.

फोनवर ओरडून मी योग्य लाइन बंद करून घेतली. सुरेखाने पुन्हा तपासलं, तारा जमिनीला जोडून अर्थिंग केलं, मगच चढली. पंधरा मिनिटांत जंपर जोडून खाली आली. रुग्णालयाची लाइट वेळेत लागली.

किसनभाऊ जीपच्या सावलीत बसून होते.

"साहेब, मी आसतो तर न तपासताच चढलो आसतो. मला वर लई भ्या वाटतं, पयल्यापासनं. कवा उरकून खाली येतो, येवढंच डोक्यात आसतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"इचारलं कुनी?"

राजीनामा मागे घेऊन आठवडाभरात सुरेखा लाइनवर गेली आणि किसनभाऊ काउंटरवर. कुठल्या वाडीचा ट्रान्सफॉर्मर कुठे, हे त्यांना तोंडपाठ होतं. तावातावाने आलेला माणूस त्यांच्याशी बोलून शांतपणे परत जायचा. ते स्वतःही हसायला लागले.

तोवर मी जागा रिकामी दिसली की माणूस बसवायचो. तुला काय जमतं, काय आवडतं, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मला नोकरीच्या वीस वर्षांत मिळाली नव्हती.