थर्झाबाईचे नऊ इंच

कौन्सिलचे आरोग्य इन्स्पेक्टर मिस्टर हॅलेट थर्झा एंडाकॉटला पहिल्यांदा भेटले, तेव्हा त्यांनी तिच्या दारावरच्या तुळईवर कपाळ असं आपटलं, की चर्चच्या मनोऱ्यावरचे कावळे उडाले ते थेट शेजारच्या परगण्यात जाऊन बसले आणि समोरच्या कुरणातल्या गाईंनी त्या संध्याकाळी धार काढू दिली नाही. थर्झा धावत आली. तिने आधी तुळई तपासली.

"तीनशे वर्षांची आहे ती," ती म्हणाली. "जरा जपून आपटत जा, साहेब."

हॅलेटसाहेबांनी कपाळ चोळत टेप काढला. "छत पावणेसात फूट, बाई. नियम साडेसातचा. राहण्यास अयोग्य. पाडावं लागेल."

थर्झा त्याच घरात जन्मली होती, तिथेच विधवा झाली होती. मातीत पेंढा तुडवून उभारलेल्या दोन फुटी भिंती, वर शाकारलेलं छप्पर. इंग्लंडातल्या डेव्हनची थंडी बाहेरच राही. दोन वर्षांत हॅडलकूम गावातली अशी सात घरं त्या टेपाने गिळली होती. बदल्यात टेकडीवर सिमेंटच्या घरांची एक रांग आली होती. जणू स्वयंपाकघरातली कपाटं कुणी ओळीने बाहेर वाळत घातली होती. जमीनदाराच्या बंगल्यात नोकरांच्या खोल्या साडेसहा फूट उंचीच्या होत्या. तिथे टेप कधी गेला नाही. हॅलेटसाहेब चहाला मात्र जात.

छत वर जाईना, म्हणून थर्झाने जमीन खाली न्यायचं ठरवलं. कुदळीचा आवाज ऐकून म्हातारा गवंडी एमॉस लस्कम दारात आला.

"थर्झे, खुळी झालीस? दगडी पाया वीतभर आहे. त्याखाली गेलीस तर भिंत पाणी पिईल."

"मग काय करू? त्या लंबूचे पाय कापू?"

"कुदळ ठेव आधी."

"सात घरं पाडली तेव्हा टोपी हातात धरून उभा होतास, एमॉस. घाल ती डोक्यावर आणि चालता हो."

एमॉस गेला नाही. अख्खा फेब्रुवारी तो शिव्या देत घमेली बाहेर ओतत राहिला.

मार्चमध्ये हॅलेटसाहेब वाकून आत शिरले. टेप लावला. साडेसात फूट, वर पाव इंच. मग त्यांनी भिंतीला तळहात लावला. तो ओला झाला. कंबरेपर्यंत भिंत काळी पडली होती.

"ओल आहे, बाई. राहण्यास अयोग्य."

"डिसेंबरात तुम्ही आलात तेव्हा नव्हती. तुमच्या नियमासाठी खणलं, तिथून चढली."

"ते लिहायला फॉर्मवर जागा नाही."

"मग लिहू नका. माझ्या तोंडाकडे बघून सांगा."

हॅलेटसाहेब फॉर्मकडेच बघत राहिले.

एप्रिल १९५५मध्ये ट्रॅक्टरला साखळी लावून घर पाडलं. चाळीस मिनिटं लागली. थर्झाला टेकडीवरच्या रांगेत सहा नंबरचं घर मिळालं. तिथे ती अकरा वर्षं राहिली.