इष्टिकाचिती, फेसवाली

कोनबाईंच्या वाचेला झटका आला होता, डोक्याला नव्हे. पण हे लेकाच्या गळी उतरवायचं कुणी? जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेली ही बाई. हातात भलामोठा लाकडी कोनमापक घेऊन वर्गात शिरायची, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव पुढे सगळ्या गल्लीने उचललं. दवाखान्यातून घरी आली तेव्हा रोजच्या वस्तूंची नावं बहुतेक पुसून गेली होती. साबण, उशी, किल्ली, काही म्हणता काही आठवेना. वर्गातले शब्द मात्र ठणठणीत राहिले!

लेकाने साबणाची वडी समोर धरली. "आई, हे काय?"

"इष्टिकाचिती."

लेकाने कपाळावर हात मारला आणि बायकोला फोन लावला. "अगं, आई काहीतरीच बरळतेय."

बरळतेय कुठली! सहा पृष्ठं, समोरासमोरची सारखी, आठ कोपरे. मग तिला दुसरं काय म्हणायचं? पण भूमितीच्या तासाला या चिरंजिवांचं लक्ष कायम खिडकीबाहेर. त्याला कसं कळणार?

दुपारी गाडी येणार होती. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली. घराला कुलूप घालून लेक तिला आपल्याकडे नेणार होता. "तुला एकटीला ठेवू कशी? काही लागलं तर मागशील कसं?" प्रश्न खोटा नव्हता, म्हणून तर तिला जास्त झोंबला. त्याच्या घरी सगळं हातात मिळालं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण ती वाक्य सुरू करायची आणि हा पुरं करायचा, तेही चुकीचं! उरलेलं आयुष्य असं दुसऱ्याच्या तोंडाने बोलायचं? नाही जायचं म्हणजे नाही जायचं.

ती उठली. भिंतीला धरत धरत फोनपाशी गेली, कोपऱ्यावरच्या दुकानाचा नंबर लावला आणि लेकालाही ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"बोला बाई," दुकानदार म्हणाला.

"इष्टिकाचिती."

"दे इकडे, मी सांगतो," म्हणत लेकाने हात पुढे केला. तिने फटकन त्या हातावर चापट मारली.

"फेस," ती फोनमध्ये म्हणाली. "कपडे."

"कपड्यांचा साबण होय? देतो. आणखी?"

"वृत्तचिती. बारीक. अंधार."

"मेणबत्त्या!" दुकानदार ओरडला. त्याला आता मजा यायला लागली होती. "पुढे?"

"गोल. पिवळा. आंबट." ती थांबली. चुकीचं सांगून मोकळं व्हायचं तिच्या रक्तातच नव्हतं. "पूर्ण गोल नाही. दोन टोकं."

"लिंबं! पाठवतो, बाई. शंकूमधलं काही नको ना? आइस्क्रीम वगैरे?"

"नको. घसा," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि लेकाकडे अशी बघत राहिली की बिचाऱ्याने मान खाली घातली.

तरी तो हट्ट सोडेना. तोही तिचाच ना! "दुकानापुरतं ठीक आहे गं. पण उद्या पडलीस, झडलीस, तर? मला झोप लागेल का तिकडे?"

त्याचे डोळे भरून आले होते. पण आता माघार घेतली की संपलंच. तिने भिंतीवर तळहात टेकवला.

"सहा पृष्ठं," ती म्हणाली. "आठ कोपरे." मग छातीवर हात ठेवला. "आत मी."

"आणि मी?"

"बाहेर तू."

लेकाचा चेहरा पडला. तिने घाईघाईने दाराकडे बोट केलं. तो एवढासा शब्द, पण काही केल्या जिभेवर येईना. ती चिडली, पाय आपटला, पण लेकाला मदत काही करू दिली नाही.

"पृष्ठाला भोक आहे," ती शेवटी ठणकावून म्हणाली. "येत जा."