मालिकेतला वऱ्हाडी नोकर आणि आमच्या सासूबाई

माझ्या आवडत्या लेखकाची नवी मालिका काल सुरू झाली. तुम्ही सगळ्यांनी इथे ग्रुपवर लिहिलंय, ‘तो नोकर भारीच!’ मीही तेच लिहिलं. वऱ्हाडी बोलणाऱ्या त्या वेंधळ्या नोकराला मी पोट धरून हसले. सारा जन्म वऱ्हाडातल्या मेडशीत काढलेल्या सासूबाई शेजारीच होत्या.

“आपल्यावानी बोलनारा एकटाच, अन् तोच येडा काहून दाखवला व?” त्यांनी विचारलं.

“अहो आई, गंमत आहे ती!” मी अजून हसतच होते.

आज माझ्या पुण्याच्या मैत्रिणीचा फोन त्यांनी उचलला. एरवी “कशी हायेस व माय?” म्हणत तिच्याशी तासभर बोलतात. आज जपून, अडखळत म्हणाल्या, “ती आत आहे. बोलावते.”

मला फोन घ्यायचीही लाज वाटली.

मालिका कशी आहे, हे मला विचारू नका. आईंना पुन्हा मोकळेपणी बोलतं कसं करू, तेवढं सांगा.